शेवटचे नऊ सेकंद आणि अकरा प्लेट तर्री-पोहे

गेल्या रविवारी सकाळी पश्चिम नागपुरातल्या एका सिमेंटच्या कोर्टवर आमच्या ले-आउटचा बास्केटबॉल संघ ६१-६२ असा, म्हणजे अवघ्या एका गुणाने हरला आणि त्यानंतर तोच सामना कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यावर पुन्हा खेळला गेला. कोर्टवर दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर होते; ठेल्यावर मात्र फक्त शेवटचे नऊ सेकंद होते आणि ते दोन तास पुरले.

घडले ते इतकेच, की आम्ही एका गुणाने पुढे असताना आणि चेंडू त्यांच्याकडे असताना माझ्या भाच्याने अचानक धावत जाऊन त्यांच्या उंच पोराचा हात धरला. त्या क्वार्टरमधले आमचे चार सांघिक फाउल आधीच झालेले असल्याने पंचांनी नियमाप्रमाणे दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे एकेका गुणाचे दोन फेक, दिले आणि त्या पोराने, शेजारी कोणी शिंकलेसुद्धा नसल्यासारख्या शांतपणे, दोन्ही टाकले. उरलेल्या सात सेकंदांत आमच्या गड्याने अर्ध्या कोर्टातून फेकलेला चेंडू रिंगऐवजी कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या स्कूटरवर आदळला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी पहिला घास घेण्याआधीच निकाल दिला, की सगळी चूक टाइमआउटची आहे. उत्तरार्धात तीन टाइमआउट मिळतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले दोनच घेता येतात. प्रशिक्षक सरांनी ते तिन्ही संपवले होते, त्यांतला एक तर, काकांच्या म्हणण्यानुसार, केवळ पंचाशी भांडण्यासाठी. एक शिल्लक असता तर चेंडू आपल्या बास्केटखालून आणण्याऐवजी थेट त्यांच्या अर्ध्या भागातून आत टाकता आला असता, हे सांगताना काकांनी प्लेटमध्ये संघ मांडला. कांद्याचे पाच तुकडे आपले, तर्रीतले पाच चणे त्यांचे, लिंबाची फोड म्हणजे रिंग. मांडणी अतिशय स्पष्ट होती, पण डावपेच ऐन रंगात आला असताना बोलण्याच्या भरात काकांनी आपला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा गडीच, खाल्ला आणि पुढचा हल्ला चार कांद्यांवर आला.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला हे मान्य नव्हते. त्याचे म्हणणे असे, की उंच पोराला दोघांनी घेरायला हवे होते आणि त्यासाठी चौथ्या क्वार्टरमध्ये आपला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, बसवायलाच नको होता. सर गप्प राहून चहा पीत होते. (बास्केटबॉल १८९१ मध्ये सुरू झाला तेव्हा टोपल्यांना तळ असे आणि प्रत्येक बास्केटनंतर शिडीवर चढून चेंडू काढावा लागे, असे वाचल्याचे मला तेवढ्यात आठवले, ती शिडी अजून असती, तर सरांना विचार करायला टाइमआउट लागलेच नसते.)

अखेर काकांनी चमचा खाली ठेवला आणि ज्याची मला भीती होती तो प्रश्न विचारला : “मले एक सांगा, त्या पोराले फाउल करायले सांगतलं कोनं?”

सर म्हणाले, “मी नाही.” मुले एकमेकांकडे पाहू लागली. मी तर्रीत बोट बुडेल इतका प्लेटवर वाकलो.

सांगितले होते मी. आदल्या रात्री मी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०१३ सालच्या, सॅन अँटोनियो विरुद्ध मायामी अशा अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्याची चित्रफीत पाहिली होती. सॅन अँटोनियो तीन गुणांनी पुढे असताना त्यांनी फाउल केला नाही, त्यांचा उंच खेळाडू टिम डंकन त्या क्षणी बाकावर होता, मायामीच्या ख्रिस बॉशने रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, पकडून रे अॅलनकडे चेंडू दिला आणि त्याने ५.२ सेकंद बाकी असताना कोपऱ्यातून तीन गुण टाकून बरोबरी साधली. पुढे मायामी जादा वेळेत १०३-१०० जिंकले. ‘फाउल का केला नाही?’ ही चर्चा ऐकून ऐकून मी इतका भारलो होतो, की सकाळी नऊ सेकंद दिसताच कुंपणाला लटकून “फाउल! फाउल!” असे किंचाळलो. तीन गुणांची आघाडी असताना दोन फ्री थ्रो परवडतात आणि एका गुणाच्या आघाडीवर तेच दोन सामना घेऊन जातात, हा साधा हिशेब मला चेंडू स्कूटरवर आदळल्यानंतर सुचला.

“आवाज कुंपणाकडून आला होता,” गोलकीपरसारखे हात करून एक मुलगा म्हणाला. मी तत्काळ सगळ्यांचे पैसे दिले. अकरा प्लेट झाल्या होत्या, दोन काकांच्या एकट्याच्या. एवढे औदार्य पाहून काकांना संशय यायला हवा होता. त्यांनी वर एक चहा सांगितला.

भाचा तोवर एक शब्दही बोलला नव्हता. गाडीवर मागे बसल्यावर, शंकरनगर चौकातला सिग्नल लाल असताना, त्याने माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

“मामा,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी आपली लीड तीनची झाली की मग ओरडा.”