पगारातून कापलेला नॅशनल इन्शुरन्स आणि जोडधंद्याचा नफा

ब्रिटनमध्ये नोकरी सांभाळून शिकवण्या, अनुवाद किंवा संगणकाची कामे स्वतंत्रपणे घेणाऱ्यांमध्ये एक समज संदेशांतून सतत पसरत असतो. पगारातून नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन आणि काही भत्त्यांसाठीची सक्तीची वर्गणी) कापला जात असेल तर धंद्याच्या नफ्यावर तो भरावा लागत नाही; सरकारने मागितलाच, तर दोन्ही उत्पन्ने एकत्र करून दोनदा पूर्ण दराने घेतला जातो; आणि दोनदा भरणाऱ्याला पेन्शन तरी जास्त मिळते, असे त्यात सांगितले जाते. या सर्व विधानांत चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत बहुधा थोड्या कमाईच्या माणसाला मोजावी लागते, म्हणून २०२५-२६ या करवर्षाचे नियम समोर ठेवून एकेक विधान तपासतो.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. मालक पगारातून कापतो ती क्लास १ वर्गणी फक्त पगारावरची असते. नफ्यावरची क्लास ४ वर्गणी वेगळी असून ती वार्षिक विवरणपत्राद्वारे आपली आपणच भरायची असते. तुमचा नफा किती, हे मालकाला ठाऊक नसते आणि ते विचारण्याचे त्याला कारणही नसते. स्वतंत्र कामाची एकूण आवक (खर्च वजा करण्याआधीची) वर्षात १,००० पौंडांपेक्षा जास्त झाली, तर करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी आणि पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन विवरणपत्र व भरणा करावा लागतो.

दोन्ही उत्पन्ने एकत्र करण्याची कल्पना आयकरावरून आलेली दिसते. आयकरात करमुक्त रक्कम सर्व उत्पन्नाला मिळून एकच असते, पण नॅशनल इन्शुरन्समध्ये पगाराची आणि नफ्याची वर्गणीमुक्त मर्यादा स्वतंत्र असते. पगाराची मर्यादा आठवड्याला २४२ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे १२,५७० पौंड, आणि नफ्याची मर्यादाही तेवढीच. २०,००० पौंड पगार आणि १०,००० पौंड नफा असणारी व्यक्ती पगाराच्या मर्यादेवरच्या ७,४३० पौंडांवर ८ टक्क्यांनी ५९४.४० पौंड क्लास १ भरते. नफा मर्यादेच्या आत असल्यामुळे तिला क्लास ४ शून्य लागतो. तिला आयकर मात्र नफ्यावरही द्यावा लागतो, आणि याच फरकामुळे पुष्कळांचा गोंधळ उडतो.

‘दोनदा पूर्ण दराने’ या तक्रारीत तथ्याचा अंश आहे, पण कायद्याने त्यावर वार्षिक कमाल मर्यादा घालून ठेवली आहे, आणि तिच्याविषयी या संदेशांत अवाक्षरही नसते. क्लास १ चा ८ टक्क्यांचा आणि क्लास ४ चा ६ टक्क्यांचा दर ५०,२७० पौंडांपर्यंत चालतो, त्यापुढे दोन्हींचा दर २ टक्के होतो. ज्याचा पगार ५१,००० पौंड आहे त्याने मुख्य दराची वर्गणी पगारावरच पूर्ण भरलेली असते. त्याला २०,००० पौंड नफा झाला, तर मर्यादेवरच्या ७,४३० पौंडांवर ६ टक्क्यांनी ४४५.८० पौंड होतील. कमाल मर्यादेमुळे मात्र २ टक्क्यांनी १४८.६० पौंडच लागतात. क्लास ४ चा अंतिम आकडा एचएमआरसी (ब्रिटनचे करखाते) विवरणपत्रानंतर ठरवते, पण तो पाहून गप्प बसू नये. हिशोब स्वतः ताडून पाहावा आणि जास्त भरणा झाला असेल तर परतावा मागावा, कारण तो मागण्याचा हक्क आहे.

काही संदेशांत स्वतंत्र काम करणाऱ्यांना दर आठवड्याची क्लास २ वर्गणी सक्तीची असल्याचेही सांगतात. ६ एप्रिल २०२४ पासून ती सक्ती उरलेली नाही.

पेन्शनविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यावर विसंबून लोक नको तिथे पैसे ओततात आणि हवे तिथे विसरतात. क्लास ४ भरल्याने पेन्शनचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. नवे सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला साधारणतः ३५ आणि काहीतरी मिळायला किमान १० पात्र वर्षे (नॅशनल इन्शुरन्सच्या नोंदीत धरली जाणारी वर्षे) लागतात, आणि एक करवर्ष एकदाच मोजले जाते, मग त्यात वर्गणी कितीही प्रकारची भरलेली असो. ज्याचा एका नोकरीतला पगार वर्षाला ६,५०० पौंड किंवा अधिक आहे, त्याचे वर्ष तेवढ्याने पात्र होते.

खरी अडचण येते ती याच्या खाली कमावणाऱ्यांना. ४,००० पौंड पगार आणि ५,००० पौंड नफा असेल, तर बेरीज ९,००० होऊनही ते वर्ष आपोआप मोजले जात नाही, कारण पगार ६,५०० च्या आणि नफा ६,८४५ पौंडांच्या मर्यादेखाली राहतो, आणि दोघांची बेरीज करता येत नाही. नफा ६,८४५ किंवा अधिक असता तर क्लास २ भरल्याचे मानून वर्ष धरले गेले असते. अशा व्यक्तीने स्वेच्छेने क्लास २ भरली, तर आठवड्याला ३.५० पौंड, म्हणजे ५२ आठवड्यांचे १८२ पौंड, एवढ्यात ते वर्ष तिच्या नोंदीत जमा होते.