टीडीएस ८४, बरं मग?

नवी मुंबईत, नेरुळच्या आमच्या सोसायटीत पंधरा दिवस आरओ फिल्टरवरून भांडण पेटलंय. दादा मला सगळं पाठवत असतो. एक गट म्हणतो, मोरबे धरणाचं पाणी आहे, खुशाल नळाचं प्या. दुसरा म्हणतो, आरओशिवाय पोरांना पाणी द्यायचंच नाही. पुरावा दोघांचाही एकच फोटो: पेल्यात बुडवलेला टीडीएस मीटर, आकडा ८४.

हे वाचून माझं डोकं फिरतं. त्या मीटरला विरघळलेले क्षार कळतात, बस. जंतू कळत नाहीत. आपल्या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, त्याच्या दुप्पट शिसं असलं तरी तो ८४ हलणार नाही. आणि टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला सांगितलंय.

धरण पालिकेच्या मालकीचं, शुद्धीकरण भोकरपाड्याला. कबूल. पण ते पाणी आमच्या पेल्यात येतं खालच्या टाकीतून. दिवाळीत मी दादाला तिचं झाकण उचलायला लावलं. कडा गंजून सुटलेली, भिंतीला बोट लावलं तर बुळबुळीत, टॉर्चमध्ये तळाचा गाळ स्पष्ट दिसत होता. ड्रेनेजचं चेंबर तिथून दोन हातांवर. पाणी बंद असताना पाइपात दाब राहत नाही, फट असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. भांडायचं तर यावर भांडा ना!

इथे न्यू जर्सीतल्या आमच्या एवढ्याशा गावातसुद्धा दर वर्षी १ जुलैच्या आत पाण्याचा अहवाल येतो. शिसं, नायट्रेट, पीएफओए नावाचं कारखान्यांतलं घातक रसायन, प्रत्येकाचा आकडा आणि शेजारी मर्यादा. हे मी दादाला शंभरदा ऐकवलंय.

एक गोष्ट मात्र ऐकवली नाही. तीन वर्षांपूर्वी वेगळं पत्र आलं: गावाच्या विहिरीत पीएफओए राज्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला १४ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त सापडलंय. उकळून ते जात नाही, हेही त्यातच. लेक तेव्हा चार महिन्यांची होती. तिची दुधाची पावडर मी त्याच पाण्यात कालवत होते, उकळून, काळजीने. पत्र हातात घेऊन मी बेसमेंटच्या पायरीवर किती वेळ बसले होते कोण जाणे. घरी कळवायची लाज वाटली. इतकी वर्षं इकडच्या पाण्याचे गोडवे गायले होते.

तरी त्या पत्रामुळे मला कळलं तरी. नेरुळला कोण कळवणार?

दिवाळीत वहिनीने सगळ्यांना माठातलं पाणी दिलं आणि माझ्यासमोर बिसलेरीची बाटली ठेवली. "ताई, तुम्हाला आता सोसायचं नाही." मी निमूट घेतली. त्याच घरात, त्याच टाकीचं पाणी पिऊन मी मोठी झाले, आणि पाहुणीसारखी बाटली फोडून प्यायले. ते अजून सलतंय.

दादा, रविवारच्या सभेत आरओचं नाव काढू नकोस. टाकी धुऊन घ्या, टाकीचं आणि नळाचं पाणी प्रयोगशाळेत पाठवा, आणि अहवाल लिफ्टशेजारी चिकटवा. खर्चातला माझा वाटा मी आजच पाठवते.