तिबोटी खंड्या आणि माझा अर्धवट सल्ला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

“ताई, तुमचा लेख वाचून क्रॉप सेन्सरची बॉडी आणि १८०-६०० लेन्स घेतली. जुलैत रायगडात तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर हाईडमध्ये तीन तास बसलो. घरी येऊन पाहिलं तर एकूण एक फोटो दाण्यांनी भरलेला. सेन्सरच्या आकाराचं फार मनावर घेऊ नका असं लिहिणाऱ्यांनी आधी अंधारात फोटो काढून पाहावेत. फुलफ्रेमला पर्याय नाही. आणि मायक्रो फोर थर्ड्सला तुम्ही ‘छंदापुरतं ठीक’ म्हणून एका ओळीत निकालात काढलंत. आता ही बॉडी विकू का, तेवढं सांगा.”

ही तुमची प्रतिक्रिया. (नव्या वाचकांसाठी : सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग. फुलफ्रेमचा मोठा, क्रॉपचा त्याहून लहान, मायक्रो फोर थर्ड्सचा आणखी लहान. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, १८०-६०० हे लेन्सच्या झूमचे मिलीमीटर, आणि हाईड म्हणजे लपून बसायचा आडोसा.) उत्तराला चार दिवस लागले, कारण तुम्ही मेलवर पाठवलेल्या नऊ फाइल्स एकेक करून पाहायच्या होत्या. फोटो कसा दिसतो यापेक्षा तो कुठल्या आकड्यांवर निघालाय, हे मला पाहायचं होतं.

आधी माझी चूक. तो लेख मी ज्या अनुभवावर लिहिला तो जवळपास सगळा उघड्यावरचा आहे. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर होडीतून टिपलेले रोहित (फ्लेमिंगो) आणि चित्रबलाक, कडबनवाडीच्या माळावरचे भोवत्या हे शिकारी पक्षी आणि चिंकारा, कवडीपाटला नदीकाठची सकाळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, लख्ख ऊन, पक्षी लांब. तिथे मी सांगितलं ते खरं ठरतं. पण ‘पक्ष्यांच्या फोटोग्राफीसाठी’ असा सरसकट मथळा देऊन मी ते छापलं आणि पावसाळ्यातल्या कोकणातल्या रानाचा त्यात एक शब्द नव्हता. तुम्ही त्या मथळ्यावर विश्वास ठेवून पैसे घातलेत. याबद्दल मनापासून माफी मागते. मथळा बदलला आहे आणि लेखाच्या सुरुवातीलाच तो कुठल्या उजेडासाठी आहे ते लिहिलं आहे.

आता ‘फुलफ्रेमला पर्याय नाही’ याकडे येते. हे अर्धं बरोबर आहे, आणि तुमच्या बाबतीत बरोबर असलेलं अर्धं कुठलं, ते तुमच्या फाइल्समध्येच आहे.

समजा भिगवणला रोहितांचा थवा दीडशे मीटरवर उभा आहे. लेन्स ६०० वर नेली, तरी पक्षी चौकटीत छोटाच दिसतो. या वेळी मागे क्रॉपची बॉडी असो की फुलफ्रेम, लेन्स तीच आणि अंतर तेच असल्यामुळे सेन्सरवर पडणारी रोहिताची प्रतिमा तेवढ्याच मिलीमीटरची असते. तिच्यावर पडणारा उजेडही तेवढाच. फुलफ्रेमवर तिच्याभोवती पाणी जास्त येतं, आणि ते पाणी आपण घरी येऊन कापून टाकतो. त्यातून २४ मेगापिक्सेलची फुलफ्रेम क्रॉपइतकी कापली की हातात जेमतेम साडेदहा मेगापिक्सेल उरतात, तर तुमच्या निकॉन झेड ५० टू या क्रॉपच्या बॉडीमध्ये त्याच जागेत जवळपास २१ असतात. तेवढा तपशील फुलफ्रेमवर हवा असेल तर निकॉनच्याच झेड ८ सारख्या ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीकडे जावं लागतं, म्हणजे किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणून उघड्यावर, लांबच्या पक्ष्यांसाठी, पैसे आधी काचेत, म्हणजे लेन्समध्ये घाला असं मी म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

तुमच्या हाईडमध्ये मात्र गोष्ट उलटी होती. नऊपैकी सात फोटो ३८० ते ४२० मिलीमीटरच्या दरम्यान काढलेले आहेत. म्हणजे लेन्समध्ये अजून झूम शिल्लक होता, पण तेरा सेंटिमीटरचा हा चिमुकला पक्षी इतका जवळ होता की त्याहून पुढे गेलात तर त्याची फांदी आणि चोचीतला खेकडा चौकटीबाहेर गेला असता. इथे फुलफ्रेम असती तर त्याच जागेवरून तशीच चौकट मिळवायला तुम्ही ६०० पर्यंत गेला असता. एफ हा आकडा म्हणजे लेन्सचे मिलीमीटर भागिले उजेडाच्या खिडकीची रुंदी. एफ ६.३ ला ४०० मिलीमीटर म्हणजे उजेड आत येण्याची खिडकी सुमारे ६३ मिलीमीटर रुंद, ६०० ला तीच ९५ मिलीमीटर. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर सव्वादोन पट उजेड. एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त. हा फरक खरा आहे, आणि तो मी लेखात सांगितला नव्हता.

झूम कुठे संपतो, यावर हा सगळा निर्णय फिरतो. गेल्या वर्षभरातले तुमचे आवडते शंभर फोटो उघडा आणि प्रत्येक कुठल्या मिलीमीटरवर काढला आहे ते पाहा. बहुतेक फोटो शेवटच्या टोकाला असतील आणि तरीही तुम्ही ते कापले असतील, तर मोठा सेन्सर तुमच्या उपयोगाचा नाही, लांब किंवा रुंद काच उपयोगाची आहे. बहुतेक मधेच कुठेतरी असतील, तर तुमची फुलफ्रेमची मागणी रास्त आहे. ताडोबात उन्हाळ्यात जिप्सीतून वाघ काढणाऱ्यांचा हिशेब बहुधा दुसऱ्या प्रकारातला निघतो. वाघ रस्त्याला लागूनच्या पाणवठ्यात बसलेला असतो आणि ६०० नेलेला माणूस नुसत्या कानांचे फोटो घेऊन परततो. तिथे १००-४०० आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवायला एक बीनबॅग पुरते. धुळीत लेन्स बदलायची नाही, एवढं पाळायचं.

पण तुमचे फोटो दाणेदार येण्याचं मोठं कारण सेन्सर नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी म्हणत नाही. फाइल्समधले आकडे बघा : एफ ६.३, शटर एक-आठशे (सेकंदाचा आठशेवा भाग), आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ५१२००. ती जितकी वाढवाल तितके दाणे वाढतात. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी एक-आठशे! माझ्या लेखात ‘शटर एक-हजारच्या खाली आणू नका’ असं वाक्य होतं, तेही उडणाऱ्या पक्ष्यांसाठी, आणि तेही मी नीट स्पष्ट केलं नव्हतं. तुम्ही बिचकत बिचकत एक-आठशेपर्यंत उतरलात आणि बाकीचं ऑटो आयएसओने ओढून नेलं. ते रान, तो उजेड, तीच लेन्स असताना शटर एक-पन्नासवर आणलं असतं तर आयएसओ ३२०० झाला असता. चार स्टॉप. फुलफ्रेमने एक स्टॉप आणि वर थोडं दिलं असतं, शटर बदलणाऱ्या तुमच्या अंगठ्याखालच्या चाकाने चार दिले असते.

खंड्या शिकार घेऊन फांदीवर बसतो तेव्हा क्षणभर पुतळ्यासारखा स्थिर असतो. मान हलते, शेपटी हलते, मग पुन्हा स्तब्ध. या बॉडीत सेन्सर स्थिर ठेवण्याची सोय नाही, पण लेन्समध्ये आहे. लेन्स ट्रायपॉडवर, हात वरून हलका टेकवलेला, आणि एक-पन्नास किंवा एक-साठला सात-आठ फ्रेम्सच्या छोट्या छोट्या लडी. वीसपैकी पंधरा हलतील. पाच नाही हलणार, आणि त्या पाचांतले निळे-जांभळे पंख असे येतील की ५१२०० च्या शंभर फोटोंत सापडणार नाहीत. आणखी एक : रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवा. तुम्ही फक्त जेपेग ठेवले आहेत. दाणे कमी करणारी हल्लीची सॉफ्टवेअर्स रॉवर फार सुंदर काम करतात, जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच पिसं सारवून टाकलेली असतात.

पक्षी ओळखणाऱ्या ऑटोफोकसबद्दलही तुमची तक्रार होती. गच्च झाडीत तो पुढच्या पानावर जाऊन बसतो, हे खरं आहे, आणि सगळ्याच कंपन्यांचा बसतो. अशा वेळी पक्ष्याची ओळख चालू ठेवून फोकसची जागा सगळ्यात छोट्या चौकोनावर आणा. उघड्या आभाळातल्या भोवत्यासाठी ती पुन्हा मोठी करा.

आता मायक्रो फोर थर्ड्स. इथे तुम्ही मला योग्य जागी धरलंत. न वापरता लिहायला नको होतं. ओएम-१ ही मायक्रो फोर थर्ड्सची बॉडी आणि तिची ३०० मिलीमीटर एफ ४ लेन्स ही जोडी मी आता एका मैत्रिणीकडून घेऊन दोन सकाळी वापरली, आणि वर केलेला हिशेब तिलाही लावला. ३०० एफ ४ ची खिडकी ७५ मिलीमीटर. चौकट फुलफ्रेमवरच्या ६०० एवढी. म्हणजे तुमच्या हाईडमध्ये, तुम्ही होता तिथूनच, तुमच्या जोडीच्या ६३ मिलीमीटरपेक्षा तिने सुमारे चाळीस टक्के जास्त उजेड घेतला असता. सेन्सर तुमच्यापेक्षा लहान असूनही! फुलफ्रेमवर ६०० एफ ६.३ लावणाऱ्यापेक्षा ती दोन-तृतीयांश स्टॉप मागे राहते, सेन्सरच्या आकारावरून वाटतात तसे दोन स्टॉप नाही. लेन्सचं वजन ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरशिवाय १,२७० ग्रॅम, तर १८०-६०० चं १,९५५. सिंहगडाच्या दरीत पहाटे चढताना त्या सातशे ग्रॅमचा फरक खांद्याला कळतो. माझ्या ओळखीच्या साठीतल्या दोन पक्षिनिरीक्षकांनी केवळ वजनामुळे कॅमेरा सोडला आहे, त्यांना मी हे आधीच सांगायला हवं होतं.

शिवाय त्यात बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम्स रॉमध्ये साठवून ठेवायची सोय आहे. खंड्या सूर मारतो तेव्हा आपलं बोट नेहमी उशिरा पोचतं, तिथे ही सोय फार मोलाची. तुमच्या निकॉनमध्येही ती आहे, फक्त जेपेगमध्ये. लांबच्या पक्ष्याला मात्र ३०० पुरत नाही आणि वर टेलिकन्व्हर्टर (लेन्सचे मिलीमीटर वाढवणारा जोड) चढवला की खिडकी तेवढीच राहते. ‘छंदापुरतं ठीक’ हे वाक्य लेखातून काढलं आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नव्हती, पण तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त तीच टोचली. घरट्यासमोर तीन तास.

तिबोटी खंड्या पावसाळ्यात मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. रायगडने त्याला आपला जिल्हापक्षी म्हणून निवडलं आहे. आई-बाप दिवसभर खेकडे, सरडे, बेडूक आणून भरवतात. समोर माणसं असली की ते शिकार चोचीत धरून फांदीवर थांबून राहतात. आपल्याला तीच ‘पोझ’ वाटते. तुमच्या चौथ्या आणि पाचव्या फोटोच्या वेळा पाहा : अकरा मिनिटांचं अंतर आणि चोचीत तोच खेकडा. बिळात पिल्लं भुकेली होती. तुमच्या फोटोत डाव्या कडेला ताज्या तोडलेल्या फांद्यांची टोकंही दिसतात. मागचा हिरवा पडदा स्वच्छ दिसावा म्हणून कुणीतरी त्या तोडल्या असणार. तोच आडोसा सापांपासून आणि कावळ्यांपासून बीळ लपवत होता. त्या तुम्ही तोडल्या नाहीत हे मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी हाईडचे पैसे देण्याआधी ते घरट्यावर लावलं आहे का हे विचारा, आणि असेल तर नकार द्या. मी लेखात कॅमेऱ्यांवर तीन हजार शब्द लिहिले आणि याबद्दल एकही लिहिला नाही. ती चूक मथळ्याच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

हा पक्षी घरट्यावाचूनही दिसतो. रानातल्या ओढ्याकाठी, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, गुपचूप बसून राहिलं की बारीक, टोकदार शीळ घालत तो डोळ्यांसमोरून जातो. फोटो मिळण्याची खात्री नसते. उजेड तिथेही एवढाच असतो, पण पक्षी अडकून राहिलेला नसतो.

तर, बॉडी विकू का? आत्ता नाही. जुनी बॉडी घाईने विकली की भाव पडतो, आणि तुमची लेन्स तर पुढे फुलफ्रेम घेतलीत तरी तशीच चालणार आहे. पाऊस संपेपर्यंत ती सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, कोकणातून आलेल्या काचेला बुरशी फार लवकर धरते. नोव्हेंबरात भिगवणला या. कुंभारगावातून पहाटे पहिली होडी घ्यायची आणि नऊच्या आत परतायचं. त्यानंतर पाण्यावरची हवा अशी थरथरते की कितीही महाग लेन्स असो, पिसं विरघळतात. शटर सेकंदाचा दोन-हजारावा भाग, उगवतं ऊन पाठीशी, आणि हीच बॉडी. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ते शंभर फोटो उघडून झूम मोजा आणि आकडे मला पाठवा. बहुतेक ५०० च्या खाली निघाले, तर तुमच्याबरोबर दुकानात येऊन फुलफ्रेम हातात घेऊन बघायला मी स्वतः येईन.