मोल कोण मोजतंय?

तीन वर्षांपूर्वी एका बैठकीत मी खरं बोलले. एका सहकाऱ्याची चूक तारीखवार, कागद पुढे ठेवून, सगळ्यांसमोर मांडली. एकही शब्द खोटा नव्हता. बाहेर पडले तेव्हा मन इतकं हलकं झालं होतं की मला ते सत्याने वागण्याचं फळच वाटलं. बऱ्याच महिन्यांनी, भलतंच काहीतरी काम करत असताना, लख्ख दिसलं की त्याच्यावरचा एक राग मी आधीचं वर्षभर जपून ठेवला होता आणि त्या दिवशी तो वसूल केला. सत्य हाताशी होतं म्हणून वापरलं, एवढंच.

तेव्हापासून "तत्त्व म्हणून केलं" असं कुणी म्हणालं की मी सावध होते. "आतून वाटलं म्हणून केलं" हे ऐकलं की जरा जास्तच. हल्ली अध्यात्माच्या गप्पांत या दुसऱ्या वाक्याची चलती आहे. व्रतं, यमनियम, शास्त्रं हे सगळं बाहेरचं आणि आतला आवाज तेवढा खरा, असा एकूण सूर. पण आत एकच कुणीतरी राहतं हे ठरवलं कुणी? माझ्या आत भीती राहते, आळस राहतो, मोठेपणाची हाव राहते, आणि तिघांनाही अगदी शांत, गंभीर आवाजात बोलता येतं.

संशयाच्या जागी सज्जनांना अंतःकरणाचा कल हेच प्रमाण, हे वाक्य सुभाषित म्हणून फार फिरतं. कालिदासाने ते कुणाच्या तोंडी घातलंय? दुष्यंताच्या, शाकुंतलाच्या पहिल्या अंकात, तो झाडाआडून शकुंतलेकडे बघत असताना. ही मला विवाहयोग्य असणारच, नाहीतर माझ्या मनाने तिच्याकडे ओढ घेतलीच नसती, असा त्याचा युक्तिवाद! अंदाज बरोबर निघाला, हे खरं. पण पाचव्या अंकात तीच शकुंतला गर्भवती होऊन दरबारात उभी राहते, तेव्हा शापामुळे त्याला काही आठवत नाही, आणि परस्त्रीचा स्वीकार करायचा नाही या तत्त्वावर तो तिला नाकारतो. ती गेल्यावर मात्र कबूल करतो की आठवत नसलं तरी काळीज इतकं पोळतंय की ती खरं बोलत असावी असं वाटतं. म्हणजे अंतःकरण तेव्हाही बोलतच होतं. फक्त या वेळी त्याचं ऐकणं महागात पडलं असतं. मन जिकडे धावतंय तिकडे जायला अंतःकरणाची साक्ष, आणि अडचण आली की धर्म. मी हे वाचून दुष्यंतावर चिडले होते, मग ती बैठक आठवली.

दुसऱ्या टोकाला महाभारतातला कौशिक नावाचा तपस्वी. कर्णपर्वात कृष्ण त्याची गोष्ट अर्जुनाला सांगतो, आणि कधी सांगतो ते बघा: गांडीव दुसऱ्याला दे असं म्हणेल त्याला ठार करीन, या आपल्या प्रतिज्ञेपायी अर्जुन युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा असतो तेव्हा. कौशिकाचं व्रत सदैव सत्य बोलण्याचं. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं, याने सांगून टाकलं. माणसं मेली आणि कौशिक नरकात गेला. व्रत त्याचं, जीव लोकांचे.

इथून माझ्यापुरता एक प्रश्न मला मिळाला. आवाज आतला असो की नियम बाहेरचा, त्याचं मोल कोण मोजतंय? मी मोजत असेन तर ऐकायला हरकत नाही. दुसरा मोजणार असेल तर थांबायचं, पुन्हा बघायचं. सॉक्रेटिस इ.स.पू. ३९९च्या खटल्यात सांगतो की त्याचा तो प्रसिद्ध आतला आवाज त्याला नेहमी अडवायचा, कशाला प्रवृत्त कधीच करायचा नाही. माझा आवाज मात्र परवानग्या देण्यात भलताच उदार आहे!

जॉन वुलमनची गोष्ट मला या बाबतीत फार मोलाची वाटते. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत, न्यू जर्सीत राहणारा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा तरुण. प्रत्येकाच्या आत ईश्वरी प्रकाश असतो, ही त्या पंथाची मूळ श्रद्धा. एक दिवस मालकाने त्याला एका कृष्णवर्णीय गुलाम स्त्रीचं विक्रीखत लिहायला सांगितलं. घेणारा गृहस्थ समोर थांबलेला, तोही क्वेकरच. वुलमनचं मन कुरकुरलं, पण त्याने लिहिलं. लिहिताना दोघांना सांगितलं की गुलाम बाळगणं धर्माला धरून नाही. पुढे दुसऱ्या कुणी असंच लिहायला सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला. मला खटकतं ते हे की आतल्या प्रकाशावर विश्वास असलेल्या त्या पंथातली कितीतरी घरं वर्षानुवर्षं गुलाम बाळगून होती, आणि त्यांच्या आतला प्रकाश याबद्दल काही बोलत नव्हता. बोलला असता तर नुकसान होतं. वुलमन घरोघरी जाऊन त्यांच्याशी बोलत राहिला. १७७२ मध्ये तो वारला. क्वेकरांच्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम न सोडणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचं ठरवलं ते १७७६ मध्ये. एकट्याच्या कुरकुरीचं सगळ्यांचं तत्त्व व्हायला एवढा काळ लागला.

पण माझा प्रश्नही दिसतो तितका सरळ नाही. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपोषण सुरू केलं. त्यांच्या दृष्टीने ते धर्मकर्तव्य होतं आणि पणाला लागलेला देह त्यांचा स्वतःचा. पण त्या देहाचं ओझं आंबेडकरांच्या खांद्यावर आलं. २४ सप्टेंबरला करार झाला आणि अस्पृश्यांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ गेले. आता सांगा, मोल कुणी मोजलं? मी यावर अनेकांशी भांडले आहे, स्वतःशीही. आपण सोसतोय एवढ्यावर आपलं पाऊल शुद्ध ठरत नाही, इतपत माझं मत झालंय.

त्या सहकाऱ्याला मी एक पत्र लिहून ठेवलंय. माफीचं. आतून आवाज येतो, जुनं उकरू नकोस, तो विसरला असेल. हा आवाज सोयीचा आहे, म्हणून माझा त्यावर विश्वास नाही. तत्त्व म्हणतं, चूक कबूल कर. पण पत्र पाठवून हलकी मी होणार, आणि ती बैठक पुन्हा आठवावी लागणार त्याला. दोनदा पाकिटात घातलं, दोनदा बाहेर काढलं. मधली एक ओळ, जिच्यात मी माझी बाजू मांडली होती, ती खोडली आहे.