पुणेकरांसाठी हिशोब घरापासून मांडा

मुंबईहून न्यूयॉर्कला जायला किती वेळ लागतो यावरच्या तुमच्या लेखात अंतर सुमारे १२,५०० किमी आणि थेट विमानाने पंधरा-सोळा तास असं दिलंय. आकडे बरोबर आहेत, पण जाताना आणि येताना एकच वेळ धरलीय ते पटलं नाही. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे येताना विमान बहुधा लवकर पोहोचतं. शिवाय १२,५०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. ती रेषा पाकिस्तान, मध्य आशिया, रशियावरून पार ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागला आणि वेळ वाढला. म्हणजे विमान कोणत्या देशाचं, यावरही तास ठरतात.

आता आम्हा पुणेकरांचं. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून अमेरिकेला थेट विमान नाही, मुंबई गाठावी लागते. मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी आई दुपारी चारलाच कोथरूडहून निघाली. गुडघ्यांवर औषधांची पिशवी, हातात तिकिटाची प्रिंट, आणि खंडाळ्याच्या घाटात गाड्या जागच्या जागी. दर दहा मिनिटांनी तिचा फोन, "अजून इथंच आहोत रे." विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे विमान सुटायच्या आधीच आठ-नऊ तास गेलेले. वयस्कर माणसांचे पाय तिथंच सुजायला लागतात.

लेखात हा घर ते घर वेळही द्यावा, ही मनापासून विनंती. आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्यांना तोच आकडा लागतो.