डासांचा आळ तिवरांवर

'तिवरं म्हणजे चिखल, घाण वास आणि डास. तशीही ती दरवर्षी वाढताहेत. रस्त्यासाठी थोडी गेली तर दुसरीकडे दुप्पट लावू.' सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मजकुराचा हा सारांश. तिवरं म्हणजे इथे खाडीकाठची सगळीच खारफुटी. मला तो आठवडाभरात चौघांनी पाठवला, त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. सागरी जीवशास्त्र शिकवतो मी. त्यानेच पाठवल्यावर गप्प बसवेना.

आधी डास. अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत डासाला आठवडा-दहा दिवस साचलेलं पाणी लागतं. तिवरांच्या मुळाशी दर साडेबारा तासांनी भरती येते, आणि तिच्याबरोबर अळ्यांवर ताव मारणारे छोटे मासे. डेंगीचा एडिस तर कुंडीखालच्या बशीत आणि गच्चीवरच्या टायरात वाढतो. मुंबईतल्या हिवतापाचा अॅनोफिलीस स्टीफन्साय टाक्या-विहिरींतला. खाऱ्या पाण्यात वाढणारे डासही आहेत, नाही म्हणत नाही. पण ते माजतात कुठे? डेब्रिज ओतून किंवा बांध घालून भरतीची वाट अडवली, तिथल्या डबक्यांत. वाट आपण अडवायची आणि आळ झाडावर!

वासाचं थोडक्यात. खाडीच्या चिखलात खाली प्राणवायू नसतो, त्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो खाडीचाच. बाकीचा नाल्यांतून आपण पाठवतो.

तिवरं वाढताहेत, हे मात्र अर्धं खरं आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात महाराष्ट्राची खारफुटी 324 चौ. किमी दिली आहे, आधीपेक्षा जास्त. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीवर बंदी घातली, 2012 मध्ये खारफुटी जपायला वनखात्याचा कांदळवन कक्ष आला, त्याचा यात वाटा आहे. पण ठाण्याच्या खाडीत आणखी एक गोष्ट घडली. गाळ साचून खाडी उथळ झाली आणि त्या गाळावर झाडं पुढे सरकली. फ्लेमिंगो चरतात तो उघडा चिखल त्यांच्याखाली जातोय. शिवाय खारफुटीत जाती अनेक. सांडपाण्यात त्यातलं तिवर तग धरतं, चिप्पी आणि कांदळ या जातींना ते तितकं जमत नाही. चौरस किलोमीटरच्या आकड्यात हे दिसत नाही. ताप चढलेल्या माणसाचा चेहरा लाल दिसतो म्हणून कोणी त्याला तब्येत सुधारली म्हणत नाही.

राहिलं 'दुप्पट लावू'. खरी मेख इथे आहे. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हातभर लांब शेंगेसारखं लोंबतं आणि ओहोटीला खाली पडून चिखलात रुततं. ते जगेल की नाही, हे जमिनीच्या उंचीवर ठरतं. जागा वीतभर जरी सखल असली तरी ते पाण्याखाली फार वेळ राहून गुदमरतं. फिलिपिन्समध्ये सरकारी योजनांतून कोट्यवधी रोपं लावली गेली, त्यातली फार मोठी संख्या मेली. लावायला सोपी म्हणून कांदळाची रोपं समुद्राकडच्या उघड्या पट्ट्यात खोचली होती. ती जागा मुळात तिवर-चिप्पीची. आणि जिथे भरतीचं गणित जुळतं, तिथे खारफुटी बहुधा आपसूक उगवलेली असते. मोकळी जागा दाखवून 'इथे लावू' म्हणणाऱ्याला मी पहिलं विचारतो, इथे ती आजवर का नाही आली? डोंगरावर साग लावून तर हिशेब मुळीच मिटत नाही. सागाखाली कोळंबी वाढत नाही, जिताडा माशाची पिल्लं लपत नाहीत, आणि खारफुटीचा बराचसा कार्बन खोडात नसून खालच्या चिखलात असतो.

आमच्या बाजूचेही कमी नाहीत. 'तिवरं असली की त्सुनामी थांबते' हा मजकूरही मला येतो. लाटेचा जोर ती कमी करतात. किती, ते पट्ट्याच्या रुंदीवर आणि लाटेच्या उंचीवर. भिंत नाहीत ती.

विद्यार्थ्याला उत्तर धाडलं: येत्या अमावास्येच्या ओहोटीला ये, गुडघाभर चिखलात उतरू, चिखलात उड्या मारणारे मासे, निवट्या, दाखवतो. त्याने विचारलंय, डास चावतील का. चावतील, परतल्यावर, सोसायटीच्या तळघरात गाडी लावताना.