नेट गेलंय काय ओ?

आमच्या ऑफिसात राउटरला हात लावायचा अधिकार फक्त मला आहे. चार वर्षांपूर्वी एकदा नेट बंद पडलं, सगळे हवालदिल होऊन बसले, मी उठले आणि राउटरचं बटण बंद करून चालू केलं. नेट आलं. त्या दिवसापासून मी अकाउंटंट कमी आणि 'त्या कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या मॅडम' जास्त. पगार तोच.

ऑफिस म्हणजे सांगलीतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. कामं जीएसटीची आणि इन्कम टॅक्सची. माणसं सहा: सर, मी, दोन मुली, नुकताच बी. कॉम. झालेला एक पोरगा आणि शिपाई मामा. महिन्याची ११ आणि २० या आमच्या दोन एकादश्या. ११ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा हिशेब, २०ला ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र. चुकली तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि भरायच्या राहिलेल्या करावर १८ टक्के व्याज. आमच्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना ही २० तारीख १९ला दुपारी आठवते. मग जिन्यावर चपलांचा ढीग लागतो.

आणि नेट जायचं तेही नेमकं १९लाच.

बरं, सरळ मेलं असतं तर रडून मोकळे झालो असतो. तसं नाही. सरांचं चालायचं, माझं चालायचं, पण साडेअकराला उगवणाऱ्या त्या पोराचं चालायचं नाही. वायफायच्या कांड्या भरलेल्या, 'कनेक्टेड' म्हणून लिहिलेलं, आणि पोर्टल काही उघडेना. सरांनी निदान केलं, "वेळेवर येणाऱ्याला नेट मिळतं." आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो.

पहिला संशय लोखंडी कपाटावर गेला, कारण राउटर त्याच्यामागे होता. पत्र्यातून आणि वाड्याच्या जाडजूड भिंतीतून रेंज जाणार कुठून? मामांनी राउटर उचलून गणपतीच्या फोटोशेजारी ठोकला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर अँटेनाला जास्वंद. "त्यालाबी असूंद्या की, ताई," मामा म्हणाले. फूल मी काढलं नाही. आपण कुणाचे वैरी?

मग शेजाऱ्यांवर. पोराने मोबाइलवर कसलंसं ॲप टाकून दाखवलं की वाड्याभोवती अकरा वायफाय आहेत आणि बहुतेक सगळे एकाच चॅनलवर दाटीवाटीने बसलेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आम्ही ११वर सरकलो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ११ तारीख होती.

कंपनीला फोन लावला. "मॅडम, लाल दिवा लागलाय का?" नाही. "मग लाइन ओके आहे. राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." हे ज्ञान मी चार वर्षं फुकट वाटत होते!

पण त्याने गुण यायचा, हे खरं. म्हणून दर तासाला मी बटणापाशी उभी. विहिरीत सुरुंग उडवण्याआधी ओरडतात तशी मी ओरडायची, "बंद करू काऽऽ?" आणि आतल्या खोलीतून हमखास किंकाळी यायची, "थांबा मॅडम, ओटीपी आलाय!" ओटीपी भरून होईस्तोवर दुसऱ्या मुलीचं चलन अर्ध्यावर असायचं. तिचं झालं की सरांचं काहीतरी निघायचं.

शेवटी तिढा सुटला तो त्या उशिरा येणाऱ्या पोरामुळेच. "मॅडम, तुमचा आयपी १९२.१६८ने सुरू होतोय, माझा १६९.२५४ने. असं कसं?" शोधाशोध केल्यावर कळलं की आयपी म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, आणि राउटरने तो दिला नाही की कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने एक पत्ता घेऊन टाकतो. म्हणजे नगरपालिकेने घर नंबर दिला नाही म्हणून आपणच पाटी रंगवून दारावर लावायची. पत्र काय डोंबल येणार?

राउटरचं सेटिंगचं पान, १९२.१६८.१.१, उघडलं. युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. चार वर्षांत कुणी बदलला नव्हता, आणि कोण बदलणार, ते काम माझंच होतं. आत लिहिलं होतं: पत्ते १०० ते ११९, मुदत २४ तास.

वीस जागा. आणि एकदा बसलेल्याची जागा दिवसभर राखीव.

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तेच चाललं होतं. आमचे पाच कॉम्प्युटर, सहा मोबाइल, एक प्रिंटर, एक कॅमेऱ्याचा डबा, झाले तेरा. उरलेल्या सात जागांवर अख्खी सांगली. वायफायचा पासवर्ड एक ते आठ आकडे ओळीने, तो मामांच्या मागच्या कॅलेंडरवर मार्करने लिहिलेला. खालचा टेलर, कुरिअरवाला, चहावाला पोरगा, आणि १९ला येणारा प्रत्येक व्यापारी. त्याचा मोबाइल खिशातून बाहेरही यायचा नाही, पण रुमाल टाकून व्हायचा. व्यापारी दुपारी घरी जाऊन जेवून झोपला तरी रुमाल दुसऱ्या दिवसापर्यंत सीटवरच. मी राउटर बंद-चालू करायचे म्हणजे गाडी रिकामी करून पुन्हा भरायचे, एवढंच.

पत्ते २ ते २५४ केले, मुदत दोन तास, पासवर्ड नवा, कॅलेंडर उलटं. सरांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे वेळेवर येणाऱ्याला नेट. मी काय वेगळं म्हणत होतो?" यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

पुढच्या १९ला नेट गेलं नाही. चहा मात्र गेला. एरवी चारच्या ठोक्याला येऊन जिन्यात पंधरा मिनिटं मोबाइल बघत बसणारा तो पोरगा आता पावणेपाचला यायचा, किटली टेकवायची आणि पळायचं. चहा कोमट, वर साय. आठवडाभर कुणी काही बोललं नाही, पण ऑफिसात कुणाचं कुणाशी धड जमेना.

मग एका दुपारी चारला चहा आला. वाफाळलेला. मी जिन्याकडे डोकावले, तर सर खालच्या पायरीवर वाकून त्या पोराला हळू आवाजात सांगत होते, "एच कॅपिटल हां… मग ए… एल…"